नाण्याची कड

“बेटा, राणी कुठी गेली?”

शालिकराम काकाजी माझ्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनला नाक लावून विचारत होते. स्क्रीनवर मी नुकताच काढलेला फोटो होता. त्यात राणी नव्हती. एक काळं वर्तुळ होतं आणि बाजूला पांढराफटक डाग. समोर टेबलावर ठेवलेल्या खऱ्या नाण्यावर मात्र राणी जागच्या जागी होती. भरलेले गाल, डोक्यावरची ओढणी, खांद्याजवळचा मोत्यांचा ब्रोच, सगळं.

“काकाजी, चांदी आरशासारखी वागते,” मी म्हणाले. “आपण नाण्याचा फोटो काढून राहिलो, अन् नाणं आपल्या कॅमेऱ्याचं तोंड दाखवून राहिलं.”

माझा साकोलीला फोटो स्टुडिओ आहे, हायवेला लागून. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो, फ्रेमिंग. ज्याच्या त्याच्या हाती मोबाईल आल्यापासून आता स्टुडिओची गरज काय, हे मला अधूनमधून कोणी ना कोणी समजावून सांगतं. नाण्यांचं काम माझ्याकडे कधी आलं नव्हतं. तरी काकाजींनी विचारल्यावर मी म्हटलं होतं, “होऊन जाईल.”

काकाजी सानगडीचे. घरी धानाची शेती. ती भावाने सांभाळली आणि हे तरुणपणी मालवाहू जहाजावर कुक म्हणून गेले. जहाज बंदराला लागलं की बाकीचे लोक परफ्यूम आणि टेपरेकॉर्डर घ्यायचे. काकाजी जुन्या नाण्यांचं दुकान शोधायचे. तेही फक्त चांदीची मोठी नाणी. संग्राहक या मापाला ‘क्राऊन साईझ’ म्हणतात. आपला जुना चांदीचा रुपया त्याच्या शेजारी लहान भाऊ वाटतो. मेक्सिकोचा गरुड, जपानचा ड्रॅगन, फ्रान्स, हॉलंड, आणि ऑस्ट्रियाची ही राणी. प्रत्येक नाण्याला काकूंनी शिवलेली सुती थैली, आणि सगळ्या थैल्या स्टीलच्या डब्यात. तो डबा माझ्या स्टुडिओत आल्यापासून काकाजींच्या मांडीवरून हलला नव्हता.

नागपूरला नाणेसंग्राहकांचं प्रदर्शन भरणार होतं. सोबत रंगीत पुस्तिका निघणार होती. काकाजींनी मोबाईलवर फोटो काढून पाठवले. समितीतल्या मॅडमनी उत्तर दिलं की या फोटोंवरून नाणी खरी की ओतीव नक्कल, हे ठरवता येत नाही. स्पष्ट फोटो पाठवा, कडेसकट.

खरं नाणं दोन ठशांच्या मध्ये दाबून पाडतात. नकली नाणं बहुतेक वेळा साच्यात धातू ओतून करतात. नक्षी दोन्हींवर सारखीच दिसते. फरक बारीक असतो, आणि तो मोबाईलच्या फोटोत येत नाही.

“गावात पुतण्या म्हंते, काकाजीचं गिलट. त्याचं मी मनावर नाई घेत,” काकाजी म्हणाले. “पन हे लोकं जानकार हायेत बेटा. त्यायनं नकली म्हटलं तं मंग जिंदगीभर मी का जमवलं?”

आता ‘होऊन जाईल’ खरं करून दाखवणं आलं.

चकाकत्या सपाट वस्तूसाठी आमच्या धंद्यात एक पद्धत आहे, ॲक्सियल लायटिंग. मी वाचून होते, केलं कधीच नव्हतं. नाणं आडवं ठेवायचं, कॅमेरा बरोबर वरून. दोघांच्या मध्ये साधी काच तिरपी धरायची. लाईट बाजूने काचेवर टाकायचा. काच त्यातला थोडा खाली नाण्यावर पाठवते. नाण्यावरून परतलेला लाईट काचेतून आरपार वर जाऊन कॅमेऱ्यात शिरतो. म्हणजे लाईट जणू कॅमेऱ्याच्या डोळ्यातूनच निघतो. फ्रेमिंगच्या काचा दुकानात होत्याच. त्यातली सगळ्यात पातळ घेतली.

राणी आली. पण धुरकट, आणि हललेली.

हललेली का, ते लवकर कळलं. बाहेरून ट्रक गेला की टेबल कापायचं. लग्नात हे कोणाच्या लक्षात येत नाही. इतक्या जवळून फोटो घेताना केसाएवढा हादराही पुरतो. आणि आमच्या हायवेवर ट्रक थांबतात कधी?

“काकाजी, तुमच्या घराजवळून ट्रक जातात का?”

“बैलबंडी जाते. चालन?”

सगळं सामान गाडीत टाकून दुसऱ्या दिवशी सानगडीला गेले. तलावाच्या पाळीकडे तोंड करून घर. मागच्या खोलीत शहाबादी फरशी, पक्की. तिथे सेट लावला. काकू दारात उभ्या राहून पाहत होत्या.

“इतकं काळं पडलेलं कायले दाखवता लोकायले? चिंच लावून देऊ का?”

काकाजी डबा छातीशी धरून उठलेच. “तिले आत येऊ देऊ नको!”

चांदीवर वर्षानुवर्षांत जी काळसर, निळसर छटा चढते, तिला संग्राहक टोनिंग म्हणतात. ती त्यांना प्रिय. चिंच लावली की नाणं चकचकीत होतं आणि जाणकारांच्या लेखी त्याची किंमत गेलेली असते. काकूंना हे लग्नापासून पटलेलं नाही.

हादरा गेला, धुरकटपणा राहिला. मी लाईट हलवला, काच पुसली, पुन्हा पुसली. मग लक्षात आलं. लाईटचा उरलेला भाग काचेतून सरळ पलीकडे जात होता, समोरच्या चुना लावलेल्या भिंतीवर आपटून परत येत होता आणि नेमका कॅमेऱ्यात घुसत होता. त्या बाजूला काळं काहीतरी हवं होतं.

“काकू, काळी शाल आहे का?”

काकूंनी शाल दिली. भिंतीसमोर टांगली, फोटो घेतला. लॅपटॉपवर राणी उघडली तेव्हा ब्रोचमधला एकेक मोती वेगळा दिसत होता. कपाळावरच्या केसांच्या बटासुद्धा. काकाजींनी पुन्हा स्क्रीनला नाक लावलं. काकू मात्र आत येऊन म्हणाल्या, “हे तं ठसठशीत बाई निघाली वो! मले वाटे, म्हातारी असन.”

मग एकामागून एक नाणी झाली. दोन्ही बाजू. राहिल्या कडा.

राणीच्या नाण्याच्या कडेवर उठावाची अक्षरं आहेत, लॅटिनमध्ये, ‘न्याय आणि दया’ अशा अर्थाची. ती गोल फिरतात. एका फोटोत दोन-तीन अक्षरंच मावणार. मी येताना शेजारच्या घड्याळवाल्याचं शोकेसमधलं फिरतं स्टँड मागून आणलं होतं. त्यावर नाणं आडवं ठेवलं. कॅमेरा कडेच्या उंचीला आणला. स्टँड हाताने किंचित फिरवायचं, फोटो घ्यायचा, परत फिरवायचं. मग प्रत्येक फोटोतला मधला बारीक उभा तुकडा कापायचा आणि लॅपटॉपवर एकाला एक जोडायचा. नाण्याची कड पट्टीसारखी उलगडते.

पट्टी पूर्ण झाली. सगळी अक्षरं एका ओळीत. मी माझ्याच कामाकडे थोडा वेळ पाहत बसले. इतक्या वर्षांत इतका सुंदर फोटो मी काढला नव्हता, हे मला तिथेच कळलं.

“आता हे घे,” काकाजींनी पुढची थैली उघडली. “माझं पयलं नानं. सिंगापूरचं. बनलं मुंबईच्या टाकसाळीत.”

इंग्रजांनी पूर्वेकडच्या व्यापारासाठी पाडलेला चांदीचा डॉलर. हातात त्रिशूळ घेतलेली बाई उभी, मागच्या बाजूला चिनी अक्षरं. कडेवर बारीक खाचा. काकाजींचा सगळ्यात जीव त्यावर.

मी कड उलगडली. खाचांच्या बरोबर मधून एक रेघ जात होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सरळ. लेन्सवर केस असेल म्हणून मी लेन्स पुसली आणि परत फोटो घेतले. रेघ तिथेच होती.

मी काही बोलायच्या आत काकाजींनी चष्मा सारखा केला.

“जोड हाये तो,” ते म्हणाले. “साच्याचे दोन अर्धे जुडतात तेथचा.”

“काकाजी...”

“ओतीव हाये बेटा. मले समजते.”

ते उठून ओसरीत गेले. लोट्याने पाणी प्याले. काकूंनी विचारलं, “काय झालं?”

“सिंगापूरवाल्यानं फसवलं.”

“कवा?”

“आपलं लगन व्हायच्या आंधी.”

“मंग आता कायले तोंड पाडता?” काकू म्हणाल्या, आणि हळूच त्यांच्या शेजारी बसल्या. मी आत वायर गुंडाळत राहिले. गुंडाळून झालेली वायरसुद्धा सोडून परत गुंडाळली.

बऱ्याच वेळाने काकाजी आत आले. मी म्हटलं, “हे नाणं गाळू. बाकीची एकदम पक्की आहेत.”

“नाई. सबन पाठव. हेही पाठव, अन् नकली म्हनून लिही.”

“काहून पण?”

“मी हे लपवलं, तं बाकीचे खरे हायेत हे माझ्या शब्दावर लोकं कायले मानतीन?”

मी तसंच लिहून पाठवलं.

मॅडमचा फोन मलाच आला. पहिला प्रश्न, “कडेचा फोटो कसा काढला?” मी सांगितलं, अगदी शालीसकट. दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली. काकाजींची सगळी नाणी प्रदर्शनात घेतली होती. राणी पुस्तिकेच्या कव्हरवर येणार होती.

नागपूरला आम्ही तिघं गेलो. राणीची कड मोठी करून भिंतीवर लावली होती, आडवी, हातभर लांब. पण जास्त गर्दी होती ती सिंगापूरच्या डॉलरपुढे. समितीने त्याच्याजवळ दुसऱ्या कोणाचा तरी खरा डॉलर ठेवला होता. त्याचीही कड आधी माझ्याकडूनच काढून घेतली होती आणि दोन्हींच्या कडेचे फोटो वरखाली लावले होते. लोक वाकून रेघ शोधत होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले काकाजी बाजूला उभे.

एकाने विचारलं, “हे नकली कोणाचं आहे?”

“माझंच!” काकाजी म्हणाले. “अन् ते राणी हाये ना, तेही माझीच. चला, दाखवतो.”

पुस्तिकेत आतल्या पानावर छापलं होतं, ‘छायाचित्रे : वर्षा हटवार, साकोली’. माझं नाव लग्नाच्या अल्बमवर पुष्कळदा आलंय. या वेळी मी पुस्तिकेच्या चार प्रती मागून घेतल्या. एक स्टुडिओच्या काउंटरवर ठेवली आहे, गिऱ्हाईकाच्या हाताशी येईल अशी.

त्यानंतर समितीच्या बऱ्याच सभासदांनी मला काम दिलं. सगळ्यांना राणीसारखे फोटो हवे होते. दोघांनी मात्र आधीच बजावलं, “कडेचे नकोत.”

चांगला फोटो कोणाचीच बाजू घेत नाही, एवढं मी या कामात शिकले. लग्नाची ऑर्डर घेताना हे मी सांगत नाही.