एकच हात

गेल्या महिन्यात एका गुरुवारी सकाळी रत्नागिरीच्या सरकारी रुग्णालयात एका पक्षाचे माजी तालुकाध्यक्ष वारले. पद जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी मांडवीत त्यांना सगळे अध्यक्षच म्हणत. पत्नी आधीच गेलेली, मुलगा मुंबईला.

आम्हा वार्ताहरांना ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. "अरे, पुढाऱ्याचं तोंड काय बघतोस? हसायला त्याचं काय जातंय! हात बघ."

तुम्हीही असे फोटो पाहिले असतील. पुढाऱ्याच्या हातात एकाचा हात, नजर त्याच्या पुढच्या माणसावर. अध्यक्षांना त्यात काही वावगं वाटत नसे. "कामाच्या माणसाला एकच हात. झटका दिला की पुढे. ज्याचा हात दोन्ही हातांत धरला, त्याचं संपलं."

पक्षाचे मुंबईचे साहेब आले की विश्रामगृहाच्या पायरीवर रांग लागे, आणि अध्यक्ष माझ्या कानाशी निकाल सांगत. एकदा साहेबांनी पावसकडच्या एका सरपंचाला असं दोन्ही हातांनी धरलं. तो गावभर फोटो दाखवत फिरला.

"दाखवू दे रे," अध्यक्ष म्हणाले. "उमेदवारी गेली त्याची. फोटो मात्र झकास आलाय."

उमेदवारी दुसऱ्याला मिळाली.

अध्यक्षांनी पक्षात सतरंज्या घालण्यापासून सुरुवात केली होती. स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं. गेल्या खेपेला जिल्हा परिषदेची उमेदवारी मागितली. साहेब गाडीतून उतरले, एकेक हात हलवत झरझर आले आणि अध्यक्षांपाशी थांबले. त्यांचा हात दोन्ही तळव्यांत घेऊन म्हणाले, "तब्येतीला जपा. तुमच्यासारखी माणसं हवीत पक्षाला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षही हसले. त्या दिवशी माझ्या कानाशी ते काहीच बोलले नाहीत.

नंतर ते विश्रामगृहावर दिसले नाहीत. संध्याकाळी मांडवीच्या धक्क्यावर एकटे बसलेले असत. चहाच्या टपरीवाल्याने एकदा छेडलं, "काय वो अध्यक्ष, साहेब येऊन गेले. तुम्हांला बोलावलंनी नाय?"

"मला कशाला? मला तब्येतीला जपायला सांगितलंनी."

ते गेले त्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी, मी रुग्णालयात गेलो. खाटेशेजारचं स्टूल रिकामं होतं. उशाशी फोन होता, तो मी असेपर्यंत वाजला नाही.

"सावर्ड्याकडे काहीतरी शिजतंय," ते म्हणाले. "घरी गेलो की माहिती काढतो."

मी निघालो तेव्हा त्यांनी उजवा हात पुढे केला. हात थंड होता. मी धरला, पण ते सोडीनात. माझा डावा हात आपसूक वर आला. त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावरून निघाली आणि त्या हातावर थांबली.

मी तो खिशात घातला. उजव्या हाताने झटका दिला आणि म्हणालो, "बातमी आधी मला द्यायची, अध्यक्ष."

"आधी तुलाच," ते म्हणाले आणि त्यांनी हात सोडला.