बिदियाची वाट आणि नदाचा उजवा पाय

खालिदचा फोन आला तेव्हा मी ओमानमधल्या रुसैलच्या कारखान्यात पाइपांचे नमुने तपासत होते. शनिवारी बिदियाला हौशी लोकांची बॅरल रेस आहे आणि तुमचं आणि नदाचं नाव मी देऊन टाकलंय, असं त्याने सांगितलं. ट्रेलर तोच आणणार होता, त्याचा खर्च नको म्हणाला, आणि राहायची सोय त्याच्या मामांच्या शेतावर केली होती. ‘यल्ला, चला, तुम्ही फक्त या.’

खालिद माणूस चांगला, पण फुकट काही देणारा नाही. बरक्याला त्याचा छोटा तबेला आहे. नदा ही त्याचीच करड्या रंगाची अरबी घोडी, आणि मी ती आठवड्यातून दोन दिवस भाड्याने चालवते. तिला जादा गाजरं घातली तरी महिन्याच्या बिलात ती दिसतात. त्यामुळे या औदार्याने मला आनंद व्हायच्या आधी शंका आली. नवऱ्याला, सुशीलला सांगितलं. तो दुक्मला प्रोजेक्टवर असतो आणि त्या वीकेंडला घरी येणार होता. तो म्हणाला, ‘तुझं कामच माल नापास करायचं आहे. माणसांना तरी पास करत जा.’

बॅरल रेस म्हणजे काय ते आधी सांगते, कारण नागपुरात वाढलेल्या मलाही घोडा ठाऊक होता तो वरातीतलाच. मैदानात त्रिकोणात तीन पिंपं ठेवतात. घोड्याने भरधाव येऊन तिन्ही पिंपांना अगदी जवळून वळसा घालायचा आणि तसंच परत सुटायचं. पिंप पडलं तर दंड. सुरुवात उजव्या पिंपापासून केली तर एक वळण उजवं आणि दोन डावी, डाव्यापासून केली तर उलट. आम्ही दोघी नेहमी डावीकडून सुरू करतो, म्हणजे नदाला एक डावं आणि दोन उजवी वळणं येतात. उजवीकडे ती अशी वळायची की माझा गुडघा पिंपाला घासायचा.

फोन ठेवता ठेवता खालिद म्हणाला, ‘या वेळी उजवं पिंप आधी घ्या. डावं पिंप प्रेक्षकांच्या बाजूला आहे, ती बुजेल.’ नदा फटाक्यांनाही बुजलेली मी पाहिलेली नाही.

शुक्रवारी सकाळी घरून, वादी अदाईहून निघालो. जाणार असाल तर शुक्रवारी लवकरच निघा, दुपारच्या नमाजाच्या वेळी वाटेतली दुकानं बंद असतात. निजव्याचा रस्ता धरायचा आणि बिदबिदला सूरच्या महामार्गावर वळायचं. रस्ता इतका गुळगुळीत आहे की अ‍ॅक्सिलरेटर आपोआप दाबला जातो, आणि नेमका तिथेच वेग टिपणारा रडार असतो. वादी अल-अकच्या घाटात दोन्ही बाजूंना भाजलेल्या विटेच्या रंगाचे उघडे डोंगर. थांबून फोटो काढायचा मोह होतो, पण कडेला जागा बघूनच थांबा. बिदियापर्यंत साधी गाडी पुरते. पुढे वाळूत शिरायचं असेल तरच फोर बाय फोर लागते.

इब्राच्या पेट्रोल पंपावर खालिद ट्रेलर घेऊन उभा होता. तिथल्या टपरीवर दाट दुधाचा कडक करक चहा आणि चीज-चिप्स घातलेला पराठा मिळतो. दोघांचं पोट एका रियालच्या आत भरलं. सुशीलची आणि खालिदची पाचच मिनिटांत दोस्ती झाली. खालिदचं हिंदी चांगलं आहे आणि सुशीलला दुक्मच्या साइटवर शिकलेलं अरबी दाखवायची हौस आहे. मी चहा घेऊन ट्रेलरच्या मागे गेले.

नदाने मला पाहून नाकातून फुर्र केलं. चारही पायांना पट्ट्या होत्या, त्यात विशेष काही नाही, प्रवासात बांधतातच. पण पुढचा उजवा पाय तिने थोडा पुढे टाकला होता आणि त्याच्यावर भार देत नव्हती. खालिदला विचारलं. ट्रेलरमध्ये आखडलीये, उतरली की मोकळी होईल, असं तो म्हणाला. हे सांगताना तो पराठ्याचा कागद घडी घालत होता.

बिदियात मामांचं शेत खजुरीच्या बागेत आहे आणि मागे वाळूची टेकडी अशी उभी राहते की जणू आत्ताच कोणी ओतून ठेवलीये. मामांनी गहवा म्हणजे अरबी कॉफी, खजूर आणि हलवा पुढे ठेवला. नको म्हटलं तरी पेला भरतच राहतात, बास झालं की तो हातात हलवून परत द्यायचा. सुशीलने हे शिकायला पाच पेले घेतले.

तेवढ्यात पांढऱ्याशुभ्र पायघोळ डिशदाशातले एक वयस्क गृहस्थ आले. खालिदने ओळख करून दिली, अबू सालेम, मामांचे मित्र. अबू सालेम गहव्याआधी नदाकडे गेले. तिच्या मानेवरून, पाठीवरून, पोटाखालून हात फिरवला, दात पाहिले, आणि मग खालिदशी हळू आवाजात बोलत बराच वेळ उभे राहिले. मित्राच्या घरी गहवा प्यायला आलेला माणूस घोडीचे दात बघत नाही. हा गिऱ्हाईक होता.

मग सगळं जुळलं, निदान मला तसं वाटलं. घोडीचा पाय दुखतोय. खालिदला ती विकायची आहे. तिचं धावणं गिऱ्हाइकाला दाखवायचं, तेही उजवं वळण एकदाच येईल अशा बेताने, आणि वर बसवायला मी. मी सुशीलला बाजूला घेऊन सांगितलं. त्याला ते पटलं नाही. ज्याच्या मामांच्या घरी आपण जेवणार त्याच्याबद्दल असं बोलू नये, असं त्याचं म्हणणं. जेवायला लाकडाच्या धगीवरचं मटण आणि भात होता, उत्तम होता, आणि मला प्रत्येक घास लाच घेतल्यासारखा लागला.

शनिवारी सकाळी मैदानावर पोहोचलो. हिवाळ्यात तिथे सकाळी जॅकेट लागतं, हे आमच्यासारखं विसरू नका. मैदान म्हणजे कुंपण घातलेली सपाट वाळू आणि निळ्या रंगाची तीन रिकामी तेलाची पिंपं. स्पर्धक सगळे आमच्यासारखेच, आठवडाभर दुसरं काही करणारे. एक फिलिपिनो नर्स होती, एक मल्याळी अकाउंटंट, आणि मैसा नावाची ओमानी कॉलेजकन्या, जिचा घोडा वळताना इतका आडवा होई की प्रेक्षक श्वास रोखून धरत. तिने घोड्याच्या कानात काहीतरी सांगितलं. काय सांगितलंस म्हणून नर्सने विचारलं, तर म्हणाली, ‘पिंप पाडलंस तर परीक्षेला तू बस.’

नदा मात्र बदललेली होती. काल पायावर भार द्यायला तयार नव्हती, आज नाचत होती. चारही पाय एकसारखे पडत होते. कोणालाही वाटलं असतं, खालिद म्हणाला तशी ती मोकळी झाली. मला तिचं ते मोकळं होणंच खटकलं. एका बाजूला नेऊन मी तिला डावीकडे छोट्या गोलात फिरवलं, छान फिरली. उजवीकडे वळवलं आणि तिसऱ्या-चौथ्या पावलाला तिचे कान मागे गेले, डोकं झटक्याने वर आलं. अगदी थोडंसं. खोगिरावर नसते तर दिसलंही नसतं.

मी तिला थेट खालिदपाशी नेलं आणि विचारलं, ‘हिला काय दिलंय?’

तो आधी दूर पाहत राहिला. मग म्हणाला, ‘पावडर. दुखणं दबतं. सगळेच देतात.’

‘आणि धावताना पाय गेला तर?’

‘उजवं वळण एकच आहे.’

त्याच वेळी आमचं नाव पुकारलं गेलं. फाटक उघडलं. नदाला ते फाटक कळतं, तिच्या पाठीतून माझ्या मांड्यांपर्यंत थरथर आली. ती जायला निघालीच होती. खरं सांगते, मलाही जायचं होतं. तीन वर्षं पडत-उठत शिकले होते मी, पंधरा-वीस सेकंदांसाठी. मी लगाम आखडला आणि खाली उतरले. खोगिराचा पट्टा सैल केला आणि सगळ्यांसमोरून तिला चालवत बाहेर आणलं. माइकवरचा माणूस आमचं नाव पुन्हा पुकारत राहिला.

अबू सालेम कुंपणाशी उभे होते. मी त्यांना हिंदीत सांगितलं की या घोडीच्या पुढच्या उजव्या पायात दुखणं आहे, तिला औषध देऊन उभं केलंय, घेऊ नका. सुशील धावत आला होता. तो माझ्या बाजूला नुसता उभा राहिला.

अबू सालेम रागावले नाहीत. म्हणाले, ‘मला माहीत आहे, बेटी. खालिदने पहिल्याच दिवशी सांगितलं. मला शिंगरं हवी आहेत, शर्यत नको.’ मग त्यांनी विचारलं, ‘तुला नाही सांगितलं त्याने?’

मी नदाला घेऊन ट्रेलरकडे वळले.

खालिद नंतर ट्रेलरपाशी आला. सौदा आधीच ठरला होता, नदा आता बिदियालाच राहणार होती. डॉक्टरने खुराच्या आतलं हाड झिजल्याचं सांगितलं होतं, धावणं संपलं होतं. ‘तुम्ही तिच्यावर एवढी मेहनत घेतलीत,’ तो म्हणाला. ‘एक शेवटची धाव तुमची व्हावी असं वाटलं.’

‘मग हे मला सांगायचं होतं.’

‘सांगितलं असतं तर तुम्ही बसला नसता.’

‘नसतेच बसले,’ मी म्हटलं. मी नदाच्या पट्ट्या सोडल्या, उजव्या खुरावर हात ठेवला. तो गरम होता. मी निघताना तिने माझ्या खिशात नाक घातलं, खिशात काही नव्हतं.

परतीच्या वाटेवर सुशीलचं मत ठाम होतं: माणूस चुकला, पण मनाने चांगला. माझं तसं होईना. मी घाट उतरेपर्यंत विचार करत होते की ही शेवटच्या धावेची गोष्ट त्याने आधी ठरवली होती की मला उतरलेलं पाहून सुचली. धावणारी घोडी दिसली असती तर सौद्यात चार रियाल वाढले असते का? आणि समजा तो खरं बोलत असला, तरी माझ्या आनंदाची किंमत नदाच्या पायाने द्यायची हे त्याने परस्पर ठरवलं. हे दोन्ही मी सुशीलला सांगितलं. त्याने गाडीचा एसी कमी केला आणि म्हणाला, ‘हे दुसरं मात्र बरोबर आहे.’

रविवारी इथे कामाचा आठवडा सुरू होतो, सुशील दुक्मला गेला, मी रुसैलला. बिदियाला तुम्ही जरूर जा. रस्ता, वाळू, गहवा, सगळं मी लिहिलंय त्याहून छान आहे. माझ्याजवळ त्यातलं राहिलं ते गरम खुराचा हाताला झालेला स्पर्श, आणि खालिदचे न वाचलेले मेसेज.

आठवड्याने त्याने एक व्हिडिओ पाठवला. नदा खजुरीखाली चारा खात होती, खाली लिहिलं होतं, ‘मजेत आहे.’ चित्र गुडघ्यांपर्यंतच होतं. पाय दिसतील असा पाठव, एवढंच मी लिहिलं. दोन दिवस काही आलं नाही. मग दुसरा आला. कोणीतरी तिला वाळूवरून चालवत होतं आणि ती उघड उघड लंगडत होती, प्रत्येक पावलाला डोकं वर जात होतं. खाली खालिदने लिहिलं होतं, ‘अजून दुखतं. डॉक्टर म्हणतो वेळ लागेल.’

मी तो एकदाच पाहिला. या वेळी त्याने काही झाकलं नव्हतं, पुन्हा तपासून बघावासा वाटला नाही.