बोईसरच्या तंबूत न आलेलं शेवटचं रीळ

भुताचे सिनेमे मी त्या काळात बरेच पाहिले. हौस म्हणून नव्हे. तारापूरच्या बांधकामावर मी भांडारात कारकून होतो. आठवडा संपेपर्यंत माणूस इतका थकलेला असे, की सिनेमाच्या तंबूत जमिनीवर बसायचं आणि समोर दाखवतील ते बघायचं.

भांडारात आलेलं आणि गेलेलं जुळलं नाही तर मला जेवण जात नसे. सिनेमातही डोळे तेच शोधायचे, आणि या सिनेमांत ते कधी जुळायचं नाही. बाईवर अन्याय व्हायचा तो सगळा ती जिवंत असताना. ती सोसायची, गाणं म्हणायची आणि मरायची. मेल्यावर मात्र पांढरं पातळ, मोकळे केस आणि अंगात दहा माणसांचं बळ. हे बळ आधी कुठं होतं, ते कुणी सांगत नसे. बरं, मरायचे ते गाडीवान आणि दिवाणजी. मुख्य माणसाची पाळी आली की कुठूनसा एक साधू मध्ये यायचा. पुढे पुढे मला याचा राग येणंही बंद झालं.

माझी भाची तेव्हा आमच्याकडे होती. बहीण वारलेली, म्हणून मामाचं घर. तिला केळव्याला दिली होती. पानवेलींची वाडी, घर खातंपितं. नवऱ्याने दुसरी बाई ठेवली. ही बोलली, तर सासूने तिला दोन रात्री नारळांच्या कोठीत कोंडलं. दार उघडल्यावर ती नेसत्या लुगड्यानिशी स्टेशनवर आली आणि गाडीत बसली. आता रविवारी तिचे चुलतसासरे तिला न्यायला येणार होते. पाठवावी, असं माझ्या बायकोचं म्हणणं. दोन खोल्यांत आम्ही सात माणसं होतो. मी काहीच म्हणत नव्हतो.

त्याच आठवड्यात असाच एक भुताचा सिनेमा लागला. पालघरला एक तंबू, बोईसरला दुसरा, आणि दोन्हींत मिळून रिळांचा एकच संच. पालघरचा खेळ आधी सुरू व्हायचा. तिथं रीळ संपलं की डबा सायकलवर उमरोळीपर्यंत, आणि तिथून दुसऱ्या सायकलवर बोईसरला. मी कचेरीच्या कामाला पालघरला गेलो होतो, तेव्हा तो तिथंच पाहिला. शुक्रवारी बायको, भाची आणि शेजारची कोळीण बोईसरला गेल्या. त्या दिवशी सायकल पंक्चर झाली आणि शेवटचा डबा उमरोळीलाच राहिला. तंबूवाल्याने जाहिरातींच्या काचांतली ‘समाप्त’ची काच काढून पडद्यावर टाकली. लोक मुकाट उठले. आदल्या रिळात भूत झालेल्या सुनेने नवऱ्याला विहिरीत ओढलं होतं. कुणाला काही राहिलंय असं वाटलं नाही. सकाळी भाजी घ्यायला गेलो, तेव्हा तंबूवाल्याने हे मला हसत हसत सांगितलं.

घरी आलो तर ओट्यावर तीच चर्चा.

“बरा झाला मेल्याचा!” कोळीण म्हणत होती. “अशी ओढला त्याला, मना तर भात गोड लागला.”

“पण मेल्यावर ओढला,” बायको म्हणाली. “जिवंतपणी नाही जमलं.”

“जिवंतपणी आमी भात रांधतो, वैनी. सवड कुठं हाय?”

भाची तांदूळ निवडत होती. वर न बघता तिने विचारलं, “मामा, तुम्ही पालघरला पाहिलात ना? शेवट असाच होता?”

हो म्हटलं असतं तर कुणाचंच काही बिघडलं नसतं. खरं सांगितलं तर बायकोच्या म्हणण्याला बळ मिळेल आणि पोरगी परत त्या कोठीपाशी जाईल, हे मला कळत होतं. पण अर्धा माल पूर्ण म्हणून मी कधी लिहिला नव्हता.

“नाही,” मी म्हणालो. “अजून एक रीळ आहे. विहिरीला पाणीच नसतं, नवरा वाचतो. सूनही मेलेली नसते, तिला साधूने वाचवलेली असते. नवरा तिच्या पायाशी बसून रडतो. ती त्याला उठवते आणि दोघं घरी जातात.”

“हात् मेल्या!” कोळीण म्हणाली. “मंग आमाला येवढा घाबरवला कशाला?”

“बघ,” बायको भाचीला म्हणाली. “शेवटी घरच.”

भाचीने एक खडा बाजूला टाकला. “रडतो किती वेळ?”

“दोनेक मिनिटं.”

“पण स्वतः येतो?”

“स्वतः येतो. विहिरीपर्यंत.”

ती पुन्हा तांदूळ निवडू लागली.

रविवारी चुलतसासरे आले. सोबत वाडीच्या पानांची जुडी. भला माणूस, निरोप्याचं काम नेहमी भल्या माणसालाच देतात. “झालं गेलं विसर, पोरी. चल,” म्हणाले.

भाची आतल्या दारात उभी होती. “हे नाही आले?”

“त्याला वाडी शिंपायचीय.”

“आणि सासूबाई?”

“तिचे गुडघे धरलेत.”

“सिनेमातला तरी आला होता,” ती म्हणाली, आणि आत जाऊन तिने चहाचं आधण ठेवलं.

“कुठला सिनेमा?” त्यांनी मला विचारलं. तंबूत लागला होता एक, एवढंच मी सांगितलं. त्यांनी चहा घेतला, बराच वेळ आतल्या दाराकडे बघितलं आणि ते परतीच्या गाडीला निघाले. पानं ओट्यावरच राहिली.

संध्याकाळी बायकोने अंथरुणांची जागा बदलली. भाचीचं आत भिंतीशी गेलं, माझं दाराशी आलं. पानं कोळणीने नेली.