आत्याची गाणी आणि माझा घाईचा प्रोसेसर

आमच्या पोवारांच्या लग्नात हळद लागते ती बायांच्या गाण्यांवर, आणि सडक अर्जुनीच्या आसपास ही गाणी सगळ्यांत जास्त येत होती माझ्या आत्याला. बाकीच्या बाया तिच्या मागून सूर ओढायच्या, पुढची ओळ कुणालाच ठाऊक नसायची. २००७ च्या हिवाळ्यात तिच्या घशात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही. ताईचं लग्न उन्हाळ्यात होतं.

आत्या रडली नाही. माझ्या खोलीत येऊन म्हणाली, "तुया कॉम्पुटरात भरून ठेव. पोरीच्या हळदीले माहाच आवाज लावजो."

ऑपरेशनला तीन आठवडे होते. ऐंशी रुपयांचा माईक लावून मी सतरा गाणी भरली. आवाजात घरघर फार होती. ती काढायचा प्रोग्राम माझ्या जुनाट मशीनवर एकेका गाण्याला तीन तास घ्यायचा, आणि आमच्याकडे लाईन सलग तीन तास राहीलच याचा भरवसा नव्हता. काम शेवटाला आलं की लोडशेडिंग. पुन्हा पहिल्यापासून.

आत्या दारात यायची. "काऊन रे, एवढा टाइम कायले लागून राहिला?"

"लाईन जाते, आत्या."

मग मी गोंदियाच्या सायबर कॅफेतून ओव्हरक्लॉकिंगची माहिती छापून आणली. मशीन सुरू होताना निळ्या पडद्यात शिरायचं आणि प्रोसेसरचा वेग कंपनीने ठरवलेल्या आकड्याच्या वर न्यायचा. त्याच्यासोबत मेमरीचाही वेग चढतो. कागदावर स्पष्ट लिहिलं होतं: पाच-पाचने वाढवा, एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि मेमरीची चाचणी आठ तास चालू द्या, कारण मेमरी चुकली तर मशीन बंद पडत नाही, गुपचूप चुकीचं लिहीत जातं. मी दोन्ही आकडे एकदम चढवले. कॅबिनेटची बाजू उघडली आणि टेबलफॅन आत रोखला. थंडीचे दिवस होते, तापमान वर जाईना. मला आभाळ ठेंगणं झालं.

चाचणी तीन तास चालली आणि लाईन गेली. दुसऱ्या दिवशी अडीच तास. तोवर एकही चूक दिसली नव्हती. आठ तास लाईन असणारं गाव हा कागद लिहिणाऱ्याने पाहिलं असेल, आम्ही नाही, असं म्हणून मी चाचणी पास करून टाकली.

आता गाणं दोन तासांत निघू लागलं. महिनाभर मी पडद्यापुढे बसून होतो. डिस्क भरली तेव्हा गेम उडवायला जीव होईना, म्हणून आत्याच्या मूळ फायली उडवल्या. साफ केलेली सतरा गाणी एका झिप फाईलमध्ये बांधली, तिची सीडी केली आणि वर छान अक्षरात 'हळद' लिहिलं. तोवर आत्याचं ऑपरेशन झालंही होतं.

हळदीच्या दिवशी मांडवात मशीन मांडलं, स्पीकर जोडले. आत्या ऑपरेशनात गळ्याला पाडलेल्या भोकावर पांढरं फडकं बांधून अगदी पुढे बसली होती. फाईल उघडेना. दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं. शेवटी दोन गाणी कशीबशी बाहेर आली, त्यांत नुसती करकर आणि मध्येच एखादं अर्धं अक्षर. सीडीवरही तेच, कारण तीही त्याच मशीनने लिहिलेली.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"लाईननं फाईल खराब झाली," मी म्हणालो.

मांडवातल्या सगळ्यांनी विजेच्या खात्याला मनसोक्त शिव्या घातल्या. मीही घातल्या. आत्याने मला जवळ बोलावलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्या हाताची मला आजही लाज वाटते. आत्या त्यानंतर चार वर्षं जगली, आणि तिला खरं सांगायला मला चार वर्षांत एक दिवस सापडला नाही.

कुणीतरी डीजेला हिंदी गाणं लावायला सांगितलं. आत्या उठली, ताईसमोर बसली आणि हळद लावू लागली. तिचे ओठ हलत होते, सावकाश, ओळीमागून ओळ. बाया तिच्या तोंडाकडे पाहत होत्या, पण कुणालाच गाणं धरता येईना.

संध्याकाळी ताई हळदीच्या अंगाने माझ्याकडे आली. "आत्या कोणतं गाणं म्हणून राहिली होती रे? तू तं महिनाभर ऐकलं ना."

महिनाभर मी तापमानाचा आकडा पाहत होतो. स्पीकर बंद होते.