पुष्पाच्या नावाचे पंधरा दिवस

मावशीच्या लोखंडी कपाटाचं दार उघडलं की आधी वास यायचा... लाल साबणाचा, कडक, दवाखान्यासारखा आणि तरी गोड. खालच्या फळीवर त्या वड्या एकावर एक रचलेल्या असत, भिंत बांधावी तशा. मावसाजींना दर महिन्याला पोलादाच्या प्लांटमधून मिळत आणि घरात इतक्या साचत की मावशी जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हातात एकेक ठेवी. आम्हालाही देई. आई ती वडी घरी आणून दोऱ्याने कापायची, चार तुकडे करायची आणि एकेक तुकडा झिजून पापुद्रा होईपर्यंत पुरवायची. मी त्या कपाटापुढे उभी राहून नाकाने जेवढं घेता येईल तेवढं घेत असे. साबण मला नकोच होता. मला ते कपाट हवं होतं, कपाटाची खोली, खोलीमागचं अंगण, अंगणातला नळ, नळाशेजारचा पेरू... आणि हे सगळं जिचं होतं ती पुष्पी तिथे नको होती.

पुष्पी माझी मावसबहीण, माझ्याहून वर्षाने मोठी. ते लोक प्लांटच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये, आम्ही मजुरांच्या कॅम्प-१ मध्ये कवेलूच्या, कौलारू, एका खोलीत. बाबा आणि मावसाजी भंडाऱ्याकडून एकाच गाडीने भिलाईला आले होते, एका खोलीत राहिले होते, एकाच शेगडीवर दोघांचा भात शिजला होता. भरती चालू असताना आजोबा वारले म्हणून बाबा गावी गेले, तेरावं होईपर्यंत थांबले. परत आले तोवर मावसाजी परमनंट झाले होते आणि रांग संपली होती. फरक एवढाच. तेवढ्या दिवसांत एकाला क्वार्टर मिळालं, दुसऱ्याला ठेकेदाराचा गेटपास.

भट्टी दुरुस्तीला काढली की आतल्या जुन्या विटा फोडून बाहेर काढायच्या, हे बाबांचं काम. भट्टी थंड झाली असं म्हणत, पण विटा पोटातून गरमच असत, आणि बाबांच्या चपलांचे तळ वितळून वाकडे होत. मावसाजींना दरवर्षी चामड्याचे बूट मिळत. बाबा घरी येत तेव्हा दिवेलागण होऊन गेलेली असे. अंगाला जळक्या मातीचा वास, भुवया करपलेल्या. जेवता जेवताच त्यांचे डोळे मिटत. त्या काळातली त्यांची पाठ मला नीट आठवते, भिंतीकडे वळलेली. चेहरा तितका आठवत नाही.

मी चौथीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात ठेका दुसऱ्या ठेकेदाराकडे गेला. जुन्याच्या मुन्शीने फाटकावरच सगळ्यांचे गेटपास गोळा केले, आणि बाबा भर दुपारी सायकल हातात धरून, चालत घरी आले. नवा ठेकेदार यादी काढेल, जुन्या हाताच्या माणसांना घेईलच, असं सगळे म्हणत. बाबाही म्हणत. आई डबे उघडून बघत असे. गोडंतेल आधी बाटलीत यायचं, मग शिशीत यायला लागलं, मग आई वाटी घेऊन दुकानात जायला लागली. तांदळाच्या जागी कनकी, तांदळाचा चुरा, आली. मातीचं तेल, रॉकेल, इतकं महाग झालं की आई उजेड असतानाच सगळ्यांना जेवू घालून कंदील कोरडा ठेवी. बाहेर मोहाचा वास दरवळायचा, आणि घरात पेजेचा.

त्यातच मला ताप आला. सुपेल्याच्या डॉक्टरने लाल औषधाची बाटली दिली, ती संपली, ताप संपला नाही. आठव्या दिवशी मी भिंतीशी बोलायला लागले, असं आई सांगे. तेव्हा मावशी आली. पदराखाली मेडिकल बुक होतं. परमनंट माणसाच्या घरच्यांची नावं आणि वयं त्या बुकात लिहिलेली असत, आणि ज्याचं नाव बुकात त्याला प्लांटच्या दवाखान्यात सगळं फुकट. फोटो नव्हता तेव्हा. मागोमाग मावसाजी आले, घामाने थबथबलेले.

“पकडलो तं माही नोकरी जाईल, समजते का तुले?” ते दारातूनच मावशीला म्हणाले. “मंग तुही बहीणबी उपाशी आन् तूबी.”

“जाईल तं जाईल. पोरगी मेल्यावर त्या नोकरीले का चाटाचं हाय?”

बाबा खाटेच्या कडेला बसले होते. ते फक्त एवढंच म्हणाले, “राहू दे वो बाई. तुमाले कावून अडचणीत टाकू?” मावशीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. माझी हनुवटी धरली.

“तुहं नाव का?”

“वच्छला.”

गालावर चापट बसली. हलकीच, पण बसली.

“तुहं नाव का?”

“पुष्पा.”

“वय?”

“दहा.”

“शाबास.”

खरी अडचण पुष्पीची होती. पुष्पा दवाखान्यात भरती आहे म्हटल्यावर ती क्वार्टरच्या अंगणात खेळताना दिसून कसं चालेल? शेजारीपाजारी सगळे प्लांटचेच. म्हणून तिचे दोन फ्रॉक पिशवीत भरून तिला आमच्याकडे कॅम्पात आणून सोडलं. शाळेला सुट्टी होती, कोणी विचारणार नव्हतं. मला रिक्षात घालत होते तेव्हा ती माझ्याच खाटेवर बसून, पाय हलवत, आमची खोली बघत होती.

दवाखान्याबद्दल मी खोटं सांगणार नाही... मला तिथे सुख होतं. पांढरी चादर, डोक्यावर पंखा, खिडकीबाहेर गुलमोहर. सकाळी दूध, दुपारी चार वाजता पुन्हा दूध, ताप उतरल्यावर डबलरोटी. सिस्टर “पुष्पा” म्हणून हाक मारी आणि मी वळून बघे, पहिल्या दिवशी उशिरा, तिसऱ्या दिवसापासून लगेच. खाटेला लावलेल्या कागदावर पुष्पाचं नाव होतं, माझा ताप होता. पडल्या पडल्या मी मनात तिचं सगळं घर माझं करून घेतलं. तिची निळी ट्यूनिक, दप्तर, पेरूचं झाड. मावशीला आई म्हणायचा सरावही केला. माझी आई भेटायला येई ती मावशी म्हणून, आणि मी तिला सिस्टरसमोर “मावशी” म्हणताना मला अडखळायला झालं नाही. तिला ऐकताना काहीतरी झालं असेल. मी विचारलं नाही.

दहाव्या दिवशी यादवचाचा आले. मावसाजींच्या गँगमधले, त्यांच्याच गल्लीत राहणारे, पुष्पीला रांगती असल्यापासून ओळखणारे. हातात केळी. मावसाजी माझ्याजवळच थर्मास धरून उभे होते.

“कहाँ है हमारी पुष्पा बिटिया?”

सिस्टरने माझ्याकडे बोट केलं. चाचा जवळ आले, वाकले, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

“तुम पुष्पा हो?”

मावसाजींचे ओठ कोरडे पडलेले मी पाहिले. परमनंट माणसाला भीती वाटताना मी पहिल्यांदा बघत होते, आणि सांगते, ते बघायला मला बरं वाटलं. नुसतं “वच्छला” म्हणायचं होतं. एक शब्द, आणि नळ जाईल, कपाट जाईल, पुष्पी कवेलूखाली येईल, पेज पिईल, मग आम्ही दोघी सारख्या. ते सगळं मी त्या एका क्षणात नीट, सावकाश बघून घेतलं, दुकानात हात न लावता वस्तू बघतात तसं.

“हाव. पुष्पा.”

हे काही चांगुलपणाने म्हटलं नाही. चारचं दूध अजून यायचं होतं.

चाचा सरळ उभे राहिले. केळी माझ्या उशाशी ठेवली. मावसाजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “बीमारी में बच्चों का चेहरा कितना बदल जाता है, भैया,” आणि गेले. मावसाजींनी थर्मास खाली ठेवला आणि मला एक केळं सोलून दिलं. यादवचाचांनी ही गोष्ट आयुष्यात कुठेही काढली नाही.

पंधराव्या दिवशी मला सोडलं. रिक्षा कॅम्पाच्या मैदानाशी वळली तेव्हा ऊन कलत होतं, धुळीला तांबडा रंग आला होता. मैदानात एक मुलगी सायकलच्या दांडीखालून पाय घालून कैची मारत होती. मागे कॅरिअर धरून एक माणूस धावत होता, बनियनवर, मोठमोठ्याने हसत.

“पायडल मार वो पुष्पे! खाली नोको पाहू, समोर पाह! भेऊ नोको, मांगं मी हावो!”

माझ्या बाबांचा तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. ते इतकं हसतात हे मला ठाऊक नव्हतं. रिक्षा थांबली, त्यांनी मला पाहिलं, हात हलवला... आणि कॅरिअर सोडलं नाही. अर्धा फेरा राहिला होता, तो पुरा केला. मग आले, डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, “आली का वो? लय वाळली.” हाताला सायकलच्या तेलाचा वास होता.

त्या पंधरा दिवसांत त्यांनी तिला काय काय दिलं ते तिनेच मला सांगितलं, एका दमात. नाल्यावर नेऊन मासे धरायला शिकवलं. चिंचेच्या सावलीत गावच्या दंडारीतली, लोकनाट्यातली, सोंगं करून दाखवली. चून-भाकर, म्हणजे पिठलं-भाकरी, बाबा स्वतः करत, आणि तिखट लागलं की तिला फुंकर घालत. पुष्पी रापली होती, केसांत धूळ होती, आणि मावशी घ्यायला आली तेव्हा दाराची चौकट धरून रडली.

“मले नाय जाचं. मले एथंच राहाचं हाय.”

“घेऊन जाय तिले,” मी खाटेवरून म्हणाले. “माहं घर हाय.”

मावशी हसली. तिला वाटलं, आजारी पोर चिडली.

पुढच्या आठवड्यात नव्या ठेकेदाराची यादी लागली. बाबांचं नाव नव्हतं. त्याने स्वतःची माणसं आणली होती, कमी पैशात राबणारी, आमच्याहून भुकेली. मी बाबांना म्हटलं, मलाही कैची शिकवा. म्हणाले, अंगात ताकद येऊ दे. ताकद आली तोवर सायकल विकली गेली होती. ते पहाटे पायी सुपेल्याच्या चौकात जाऊन उभे राहायला लागले, जिथे रोजीवर माणसं उचलून नेत. कोणी नेलं तर अंधार पडल्यावर येत, नेलं नाही तर त्याहून उशिरा. आई सेक्टरमध्ये भांडी घासायला लागली. माझ्या पाठच्या दोघा भावंडांना सांभाळायला घरी कोणीतरी हवं होतं, म्हणून जुलैत पुष्पी सहावीत गेली आणि मी पाचवीत गेले नाही. बाबा पुन्हा भिंतीकडे वळून झोपायला लागले.

पुष्पी पुढे शिकली, शाळेत बाई झाली. बऱ्याच वर्षांनी प्लांटने माणसं कमी करायला घेतली, मावसाजींनीही वेळेआधी घरी बसायचा कागद भरून दिला आणि क्वार्टर सोडलं. ते ऐकून मला आनंद झाला होता. दोन दिवस टिकला. तोवर बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती. खोकत गेले, कॅम्पातच, आणि तेव्हा बुकात फोटो लागायला लागले होते.

आता पुष्पी दुर्गला असते, मी मुलाकडे, इथेच. तिचे आई-बाप गेले, माझेही. पितृपक्षात ती आपल्या बापाच्या पानाशेजारी माझ्या बापाचं पान वाढते, चून-भाकर ठेवते, आणि मला फोन करते. रडते. मी रडत नाही. माझ्या बाबांना हातात वेळ आणि मनात आशा असलेले दिवस सगळ्या जन्मात तेवढेच मिळाले, आणि ते तिच्या वाट्याला गेले. मी तेव्हा तिच्या नावाने दूध पीत होते. बाबा कसे हसायचे ते तिलाच माहीत आहे. मला तिचं घर, तिची शाळा, तिची पेन्शन, कशाचंच आता काही वाटत नाही; याचं वाटतं, आणि ते काही केल्या जात नाही.

ती सांगते... नाल्याचं, चिंचेचं, त्यांनी बाईचं सोंग घेऊन डोक्यावर आईचा पदर ओढला होता त्याचं. दरवर्षी तेच. सांगता सांगता ती थांबते. मी फोन दुसऱ्या कानाला लावते.

“मंग?” मी म्हणते. “मंग का केलं बाबानं?”