कपडे कोण सांभाळणार

आमच्या इतिहासाच्या बाई अंगापिंडाने लहान, पण आवाज असा की शेजारच्या गल्लीतल्या यंत्रमागांचा खडखडाटही त्यापुढे फिका पडे. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांनी काळ्यांसाठी बाकं वेगळी, बस वेगळ्या, इतकंच काय समुद्रकिनारेही वेगळे ठेवलेत, हे त्यांनी सांगितलं तेव्हा नववीतल्या आम्ही सगळ्या भयंकर चिडलो. दूरच्या माणसांवर चिडायला आपलं काय जातं?

भिवंडीत नुकतीच दंगल होऊन गेली होती. कोणी कुठल्या मोहल्ल्यात राहायचं, हे न बोलता ठरत चाललं होतं. वर्गात एकच मुसलमान मुलगी उरली होती, माझ्या बाकावरची माझी मैत्रीण. बाकीच्यांची नावं घरच्यांनी काढून घेतली होती. अकलोलीच्या सहलीला तिचे वडील तिला पाठवेनात, म्हणून बाई स्वतः त्यांच्या घरी गेल्या.

"पोरगी तुमच्या हवाली, बाई," ते म्हणाले. "पण तिच्या मनाला काही लागलं, तर शाळा बंद."

मैत्रिणीने हे मला एसटीत सांगितलं. खिडकी मिळूनही मला बाहेरचं काही दिसेना.

गरम पाण्याच्या कुंडाशी पोचलो. मदतीला आलेली एका मुलीची आई सहज म्हणाली, "हिला बसू दे की कपडे सांभाळत. बाकीच्या उतरतील." आपण काही वावगं बोलतोय हे तिच्या गावीही नव्हतं. मैत्रीण मुकाट्याने आमचे कपडे गोळा करायला लागली. माझं डोकंच फिरलं.

बाईंनी तिच्या हातातलं गाठोडं काढून घेतलं आणि त्या आईच्या मांडीवर ठेवलं.

"तुम्ही सांभाळा. मोठं माणूस असलेलं बरं."

मग पदर खोचून, मैत्रिणीचा हात धरून त्या पायऱ्या उतरल्या. साडीसकट, थेट कमरेपर्यंत. मागोमाग आम्ही धडाधड. सगळ्यांत पहिली उडी मारली ती त्या आईच्याच लेकीने. बाई मला आधीपासून आवडायच्या, त्या दिवसापासून त्यांच्यासारखं व्हावंसं वाटायला लागलं.

परतलो तेव्हा मैत्रिणीचे वडील स्टँडवर उभे होते. लेकीचे ओले केस बघून त्यांनी विचारलं, "सगळ्यांबरोबर?"

"सगळ्यांबरोबर."

ते बाईंच्या ओल्या साडीकडे बघत राहिले.

जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा मैत्रिणीचा हात धरून तिची धाकटी बहीणही नव्या गणवेशात आली होती.