मोंढ्याच्या आवाजातला लॅपटॉप

काही घरांत रद्दी साठते, काही घरांत रिकाम्या बरण्या. माझ्याकडं किस्से साठतात, आणि त्यात माझी काही चूक नाही. जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीत माझं दार मीनामॅडमच्या दाराच्या बरोबर समोर आहे. मधी एक स्कूटी जाईल एवढीच वाट. समोर कोणी आलं की मला ऐकू येतं, आणि ऐकू आलं की मी जाते. आमचे हे विचारतात, "तुला बोलावलं होतं का?" आता समोरासमोरच्या दाराला काय पत्रिका पाठवतात?

मीनामॅडम एका शाळेत कॉम्प्युटर शिकवतात. रविवारी सकाळी त्यांच्या पायऱ्यांवर आईबाप येऊन बसतात. लेकराला लॅपटॉप घ्यायचाय, कोणता घ्यावा? मॅडम त्याचे पैसे घेत नाहीत, नुसतं समजावून सांगतात. मी माझी मेथी घेऊन तिथंच बसते. मी नववी शिकलेली बाई. पण चार वर्षं तिथं मेथी निवडून मला एक गोष्ट कळली. ही माणसं लॅपटॉप विचारायला येतच नाहीत. भीती घेऊन येतात. लॅपटॉपचं नंतर निघतं.

*

आता ही माझीच चूक, म्हणून आधी सांगून टाकते.

एक बाई आल्या होत्या, लेक अकरावीला. मॅडम त्यांना रॅम आणि स्टोरेज समजावत होत्या. बाई मान हलवत होत्या, पण डोळ्यांत काही उतरेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळून गुंडाळून बोट लाल झालं. मला राहवलं नाही.

"अहो, रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा," मी म्हणलं. "आणि स्टोरेज म्हणजे कोठी. कोठीत कितीबी सामान ठेवा, पण ओटाच लहान असला तर चार भांडी मांडली की जागा संपली. मंग काम रेंगाळतं. ओटा आठ जीबीचा तरी पाहिजे."

बाईंचा चेहरा असा खुलला! मॅडम पण म्हणाल्या, "काकू, हे मी उद्या वर्गात सांगते."

दुपारी मॅडमना दुकानदाराचा फोन आला. ओळखीचाच होता. म्हणे, "मॅडम, एक ताई आल्यात. आठ जीबीचा ओटा दाखवा म्हणतात. मी त्यांना फरशीवाल्याकडं पाठवून राह्यलो होतो, तर त्यांनी तुमचं नाव घेतलं."

*

त्याच रविवारी साहेबराव पहिल्यांदा आले.

साहेबराव म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाचे. मूळचे परतूरकडचे, वीस वर्षं झाली मोंढ्यात मापाडी आहेत. धान्याच्या बाजारात पोती मोजायची, वजन बोलायचं. एवढा उंच माणूस, पण पायरीच्या कडेला असा बसला जसं काही दवाखान्यात नंबर लावलाय.

त्यांची गौरी दहावीला चांगली पास झाली आणि पॉलिटेक्निकला कॉम्प्युटरच्या डिप्लोम्याला लागली. कॉलेजनं सांगितलं, घरी लॅपटॉप असला तर बरं, सराव घरीच करायचाय.

"मॅडम," साहेबराव म्हणाले, "ज्याच्यावर अभ्यासाशिवाय दुसरं काहीच होत न्हाई, असा एखादा दाखवा."

मॅडम म्हणाल्या, "असा लॅपटॉप नसतो साहेबराव."

"मंग घ्यायचाच कशाला?"

आणि उठून गेले.

कारण मला ठाऊक होतं. मला ठाऊक असतंच. त्यांच्या थोरल्या भावाचा मुलगा परतूरला असाच. हातात मोबाईल आला, खोलीचं दार लागलं, आतून गेमचे आवाज. कॉलेज सुटलं. आता बापलेक एका घरात राहून एकमेकांशी बोलत नाहीत. साहेबरावांना तेच दार दिसत होतं.

त्यांची बायको, इंदू, नळावर मला म्हणाली, "वहिनी, हे म्हणून राह्यले, दिवाळीपर्यंत बघू, न्हाई तर कॉलेजातून नाव काढू. पोरगी जेवून न्हाई राह्यली."

*

पुढच्या रविवारी राजूरचे भगवानराव आले. ते थैलीत लॅपटॉप घेऊनच आले होते. साहेबराव पण येऊन कडेला बसले होते. विचारायचं काही नव्हतं म्हणे, सहज आल्ते.

भगवानरावांचा मुलगा बारावीला. लॅपटॉप घेतला तो खोक्यासकट सरळ राजूरच्या गणपतीपुढं ठेवला. घरी आणला आणि लोखंडी कपाटात, बायकोच्या साड्यांखाली ठेवून दिला. चांगला दिवस बघून उघडू म्हणले. चतुर्थी आली, त्या दिवशी पाहुणे आले. दसरा आला, तेव्हा कापूस वेचायला माणसं मिळेनात. तीन महिने गेले. मुलगा प्रोजेक्ट करायला भोकरदनला कॅफेत जायचा, आणि कपाटाची किल्ली आईच्या कंबरेला.

शेवटी उघडला, तर स्क्रीनवर वरून खालपर्यंत एक हिरवी रेघ. दुकानदार म्हणाला, बदलून द्यायची मुदत संपली.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "दादा, घेतल्या दिवशी दुकानातच चालू करून बघायचा असतो."

भगवानराव गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "अन् उघडल्यावर खराब झाला असता तर?"

सगळे हसले. साहेबराव नाही हसले. त्यांना आणखी एक काळजी मिळाली, ती घेऊन ते घरी गेले.

*

मधल्या रविवारी कोणी कोणी येत होतं. एका गृहस्थांनी सहावीतल्या लेकराला असा लॅपटॉप घेऊन दिला, की त्याच्या बटनांतून लाल-निळे दिवे निघायचे. दुकानदार बिलकुल फास्ट आहे म्हणाला, म्हणून. आजी त्याच्यावर ओलं फडकं टाकायला निघाली होती, तापला म्हणून.

आणि पलीकडच्या गल्लीतल्या संगीताचं तर काय सांगू. ती अंगणवाडीत मदतनीस, लेकरासाठी लॅपटॉप घेतलेला. तिनं कुठंतरी ऐकलं, की लॅपटॉपला वर एक डोळा असतो आणि त्याच्यातून कोणीही घरात बघू शकतं. तिला झोप लागेना. मॅडमनी सांगितलं, वापर नसेल तेव्हा झाकून ठेवा. संगीतानं आपली मोठी मरून रंगाची टिकली काढली आणि त्या डोळ्याला लावून टाकली.

महिन्याभरानं शाळेची पालक-मीटिंग लॅपटॉपवर झाली. संगीता नवी साडी नेसून, केसांत गजरा माळून पुढं बसली. मी बाजूला होते, अर्थात. शिक्षक म्हणाले, "ताई, तुम्ही दिसत नाही."

"न्हाई दिसणार सर," संगीता म्हणाली.

"कॅमेरा बंद आहे का?"

"चालू आहे. पण मी बंदोबस्त केलाय."

सर बिचारे दहा मिनिटं त्या काळ्या चौकोनाशी बोलले. मीटिंग संपल्यावर संगीता मला विचारते, "काकू, साडी दिसली असंल का?"

*

साहेबराव चौथ्या रविवारी आले ते आधी मॅडमशी बोललेच नाहीत. माझ्याकडं बघून म्हणाले, "वहिनी, तुम्ही सांगा. तुम्ही त्या यंत्राच्या बाजूच्या न्हाईत."

मी मेथीची जुडी खाली ठेवली. असा मान मला कधी मिळाला नव्हता. खोटं बोलवेना. मी म्हणलं, "साहेबराव, दार लागतं म्हणून भीती वाटती ना? मंग दारातच ठेवा."

 साहेबराव पायरीवरची माती नखानं खरवडत राहिले.

"मोंढ्यात माप कसं करतो माहिती आहे का?" मग ते मॅडमना म्हणाले. "मोठ्यानं. पयल्या मापाला एक न्हाई म्हणत, लाभ म्हणतो. मंग दोन, मंग तीन. शेतकरी ऐकतो, अडत्या ऐकतो, पल्याडचा हमाल ऐकतो. वीस वर्षांत माझ्या मापावर एक भांडण न्हाई झालं. कामून? मी मनात काही मोजत न्हाई."

"बरं," मॅडम म्हणाल्या.

"गौरी लॅपटॉपवर जे करंल ते तोंडानं म्हणायचं. जे बटन दाबंल ते. मोठ्यानं. दार उघडं ठेवून. मी पायरीवर बसणार. पयल्या प्रॅक्टिकलपर्यंत बघतो. त्यात काही गडबड दिसली, तर नाव काढायचं."

मॅडम म्हणाल्या, "अहो, असं कोणी कॉम्प्युटर शिकत नाही."

बापाबरोबर येऊन मागं उभी असलेली गौरी पहिल्यांदाच बोलली. "मी शिकते मॅडम."

*

मंग काय, लॅपटॉप आला. दुकानातच चालू करून बघितला, भगवानरावांची कृपा. पुढच्या खोलीत टेबल, टेबलावर लॅपटॉप, दार सताड उघडं. साहेबराव मोंढ्यातून आले, हातपाय धुतले, की पायरीवर पाठ दाराला टेकून बसायचे. स्क्रीनकडं बघायचेच नाहीत. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, बघून करायचं काय? डोळे मिटून ऐकायचे.

"प्रिंटएफ. कंस. अवतरण. एंटर मार्क्स. अवतरण बंद. कंस बंद. सेमीकोलन."

पहिले आठ दिवस पोरीचा आवाज लाजेनं फुटेना. "वर," साहेबराव डोळे न उघडता म्हणायचे. म्हणजे आवाज वर. महिन्याभरात गौरी अशी म्हणायला लागली, की भजनी मंडळानं घेऊन जावं. गल्लीतली लेकरं लपंडावात राज्य घेताना सेमीकोलन म्हणायला लागली. दूधवाला मला म्हणाला, "काकू, आज तिकडं सेमीकोलन लवकर सुरू झालं."

एकदा साहेबरावांनी मधेच विचारलं, "ते अँड अँड काय लावती गं? आकडा घेताना दरवेळी म्हणती."

"बाबा, ते चिन्ह लावल्याशिवाय आलेला आकडा कुठं ठेवायचा ते त्याला कळत न्हाई."

"म्हणजे पोत्यावरची खूण."

"हो, तसंच."

"हां," म्हणाले, आणि परत डोळे मिटले.

पण भीती काही गेली नव्हती. गौरी जरा थांबली, विचार करायला लागली, की साहेबरावांचे डोळे लगेच उघडायचे. "गप कामून?" पोरीला गप बसून विचार करायची पण चोरी. इंदू भाकरी थापता थापता हात थांबवायची. तो आवाज परत सुरू झाला, की थापायचा आवाज सुरू.

*

आणि आता तो दिवस.

दुसऱ्या दिवशी गौरीचं पहिलं प्रॅक्टिकल होतं. तीन विषयांचे मार्क घ्यायचे आणि बेरीज दाखवायची, एवढाच प्रोग्राम. सकाळी सरांना चालवून दाखवायचा होता. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला मी विरजण मागायला गेले. खरं तर माझ्याकडं विरजण होतं. पण तिकडून आवाज येईना, म्हणून गेले.

गौरी टेबलापाशी रडवेली होऊन बसलेली. प्रोग्राम सुरू व्हायचा, पहिला आकडा घ्यायचा, दुसरा घ्यायचा, आणि तिसरा टाकला की मेल्यासारखा बंद पडायचा. दोन तास झाले होते. तिला वाटत होतं चूक बेरजेत आहे. बेरीज तिनं सहा वेळा खोडून लिहिली होती. मॅडम लग्नाला परभणीला गेलेल्या, फोन उचलत नव्हत्या.

इंदू चुलीपाशी माझ्या कानाला लागली. "वहिनी, दोन तास झाले, हे एक शब्द बोलले न्हाईत. आता नाव काढतेत बघा. उद्या कॉलेजला जाऊन नाव काढतेत."

मला पण तसंच वाटलं. पायरीवर साहेबरावांची पाठ दिसत होती, ताठ. मी वाटी हातात धरून तशीच उभी. मनात म्हणलं, दारात ठेवा असं मीच सांगितलं होतं. आता हा माणूस उठला, तर आडवं कसं व्हायचं?

साहेबराव उठले नाहीत. नुसतं म्हणाले, "गौरे. पयल्यापासून म्हण."

"बाबा, म्हणून काय होणार आहे? मी शंभरदा बघितलं."

"बघू नको. म्हण."

तिनं नाक पुसलं आणि सुरू केलं.  हॅश, इन्क्लूड. इन्ट, मेन. मला ते सगळं आता पाठच होतं, ओवीसारखं. साहेबरावांचा हात गुडघ्यावर होता आणि एकेक बोट उचललं जात होतं, मोंढ्यात उचलतात तसं. ती आकडे घेण्यापाशी आली, ते तिन्ही म्हणून झाले, बेरजेवर गेली, आणि त्यांनी हात वर केला.

गौरी थांबली. इंदूनं तवा खाली उतरवला.

"पयल्या आकड्याला अँड म्हणलीस," साहेबराव गल्लीकडं तोंड करूनच म्हणाले. "दुसऱ्याला म्हणलीस. तिसऱ्या पोत्यावर खूण न्हाई."

गौरीनं स्क्रीनकडं बघितलं. मंग एक बटन दाबल्याचा आवाज आला, एकच.

"तोंडानं," साहेबराव म्हणाले. "मी ऐकून राह्यलो."